बाझलजवळच्या व्हिट्रात एक दिवस: परदेशी निघालेल्या बेळगावकर कुटुंबांसाठी

टिळकवाडी, शहापूर, अनगोळ, खानापूर, निपाणी, कुठेही चौकशी करा. कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी सून जर्मनीत नाहीतर स्वित्झर्लंडमध्ये असल्याचं कळतं. रोश आणि नोव्हार्टिस या औषध कंपन्यांची मुख्य कार्यालयं बाझल शहरात असल्यामुळे आपल्याकडची मुलं तिथंही पोचली आहेत. नातवंड झालं की, किंवा इकडे ऊन तापायला लागलं की, आई-वडील दोन-अडीच महिन्यांसाठी तिकडे जातात. बर्फाचे डोंगर, ऱ्हाईनचा धबधबा, झुरिकचा तलाव पहिल्या पंधरवड्यातच बघून होतो. त्यानंतरच्या एखाद्या मोकळ्या दिवसासाठी मी सगळ्यांना एकच जागा सुचवते. बाझलच्या उंबरठ्यावर, पण जर्मनीच्या हद्दीत, वाईल आम ऱ्हाईन नावाचं गाव आहे. तिथे व्हिट्रा या फर्निचर कंपनीचं मोठं आवार आहे आणि त्यात खुर्च्या, टेबलं, दिवे, घड्याळं, खुंट्या विकणारं त्यांचं दुकान. घरातली मोठी माणसं आधी म्हणतात, "विमानाने इतक्या लांब येऊन दुकान काय बघायचं?" तरी त्यांना न्याच, आणि नेताना पुढची तयारी करून न्या.

आधी हे दुकान कुणाचं ते सांगते. विली आणि एरिका फेलबाउम या स्विस जोडप्याने १९५० मध्ये ही कंपनी सुरू केली. १९५७ पासून ती चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याच्या खुर्च्या युरोपासाठी बनवू लागली. हेच ईम्स दांपत्य १९५८ मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून आपल्याकडे आलं, देशात फिरलं आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यांत जास्त वाखाणलेली वस्तू म्हणजे तांब्या. तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातला, पाणी प्यायचा. नुसतं 'सुंदर आहे' म्हणून ते थांबले नाहीत, त्यांनी त्याच्याबद्दल प्रश्नांची मोठी यादीच मांडली. किती पाणी मावावं? हातात, डोक्यावर, कमरेवर कसा न्यावा? भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कसा राहतो? धार कशी पडते? आतून घासता येतो का? हाताला कसा लागतो? धातूला पैसे किती पडतात आणि मोडीत किती येतील? ठोकला तर आवाज कसा येतो?

हे प्रश्न मनात घेऊन जा. व्हिट्रात ज्या वस्तूपुढे उभे राहाल तिला हेच विचारा. वास्तुकलेतलं किंवा डिझाइनमधलं काही कळत नसलं तरी चालतं; ज्या बाईने तीस-चाळीस वर्षं घर चालवलंय तिला या प्रश्नांची उत्तरं एखाद्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर सापडतात.

बेळगाव सोडण्याआधी मापं घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून तिच्यावर जरा थांबते. मोजायची टेप काढा आणि सेंटिमीटरच्या बाजूने मापं घ्या, कारण तिकडे सगळा व्यवहार सेंटिमीटरमध्ये आहे.

घरातल्या ज्या खुर्चीत सगळ्यांना बरं वाटतं तिची जमिनीपासून बैठकीपर्यंतची उंची लिहा. मग प्रत्येक मोठ्या माणसाचं माप घ्या: चप्पल काढून, स्टुलावर ताठ बसवून, जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत. तिकडच्या खुर्च्यांची बैठक साधारण ४३ ते ४७ सेंटिमीटर असते. आपल्याकडच्या बुटक्या बायकांचं हे माप ४० च्या आसपास निघतं. एवढ्या फरकाने पाय अधांतरी राहतात आणि मांडीच्या मागे कड रुतते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा फरक दिवसभर जाणवतो.

जेवणाच्या टेबलाची उंची, हॉलमधल्या मोकळ्या भिंतीची लांबी, दाराची रुंदी हेही लिहून ठेवा. शहापूर-वडगावकडच्या जुन्या घरांत माडीवर जाणारा लाकडी जिना अरुंद असतो. वर काय चढेल नि काय नाही हे तो जिनाच ठरवतो, तेव्हा त्याचंही माप घ्या. शेवटी फोनमध्ये फोटो काढा: हॉलची प्रत्येक भिंत दिवसाच्या उजेडात, छताचा दिवा, दिव्याचा होल्डर जवळून, आणि स्विचबोर्ड. होल्डरचा फोटो कशाला, ते पुढे येईलच.

कागदपत्रं आणि बॅग

पासपोर्ट नसेल तर बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं, हुबळी-बेंगळुरू गाठावं लागत नाही. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेन करारात आहे. त्यामुळे स्विस व्हिसावर जर्मनीतही जाता येतं, त्या एका दिवसासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. जून २०२४ पासून शुल्क मोठ्यांना ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. सहाच्या आतल्या मुलांना माफ. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

आता बेळगावकरांना जिव्हारी लागणारी गोष्ट. कुंदा नेता येत नाही. युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्ये बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कुंदा, पेढे, तूप, खवा सगळं त्यात आलं. विमानतळावर डबा फेकून द्यावा लागला तर मन कष्टी होतं, म्हणून आधीच नको. शेंगाचटणी, मेतकूट, चिवडा, कोरडे मसाले न्या. तिकडच्या माणसांना भेट द्यायची तर गोकाकची रंगवलेली लाकडी फळं न्या. वजनाला हलकी, फुटत नाहीत, आणि ज्या घरात तुम्ही राहणार तिथल्या टेबलावर शोभून दिसतात.

कुठल्या दिवशी, कसं जायचं

आठवड्याच्या मधला दिवस धरा. रविवारी जर्मनीतली बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे वाईलमध्ये इतर काही घ्यायचं म्हटलं तरी अडचण. शनिवारी बाझलहून खरेदीला येणाऱ्यांची गर्दी असते. ही गर्दी कशाची ते आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. चंदगड तालुक्यातली माणसं शिनोळीची हद्द ओलांडून आपल्या गणपत गल्लीत, खडेबाजारात सणाचा बाजार करायला येतात, तसंच बाझलकर स्वस्त पडतं म्हणून वाईलला जातात. राज्य बदललं, पाटीवरची भाषा बदलली, तरी बाजार एकच.

बाझलच्या क्लाराप्लाट्झ किंवा बाडिशर बानहोफ या थांब्यांवरून ५५ क्रमांकाची बस मिळते. तिचा 'व्हिट्रा' नावाचाच थांबा आहे, उतरलं की समोर आवार. म्हातारी माणसं आणि बाळाची गाडी असेल तर हीच बस धरा. दुसरी वाट ८ क्रमांकाच्या ट्रामची. ही ट्राम डिसेंबर २०१४ पासून थेट सीमा ओलांडून वाईलपर्यंत जाते. तिथून आवारापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालायचं. ट्राममध्ये बसून एका देशातून दुसऱ्या देशात जाण्याची गंमत मुलांना फार वाटते, म्हणून जाताना बस आणि येताना ट्राम असंही करता येईल. झुरिकला मुक्काम असेल तर आधी बाझलपर्यंत रेल्वेने साधारण तासाभराचा प्रवास धरा.

मूळ पासपोर्ट प्रत्येकाच्या जवळ हवा. शेंगेन असलं तरी जर्मनीने या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केलेली आहे, आणि पोलीस गाडीत चढून कागद मागू शकतात. फोनमधला फोटो दाखवून भागत नाही. शिवाय करपरताव्यासाठीही पासपोर्ट लागतो. पैसे युरोत द्यायचे आहेत, फ्रँकमध्ये नाही, हे आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा.

डबा बरोबर घ्या. आवारात कॅफे आहे, चांगलाही आहे, पण शाकाहारी माणसांना निवड थोडी आणि चार जणांचं बिल भारी. ज्या घरी उतरलात तिथे सकाळी दशम्या आणि बटाट्याची भाजी केली की दुपारचा प्रश्न मिटतो. कॅफेच्या टेबलावर मात्र डबा उघडू नका. बाहेर मोकळ्यावर बसून खा. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

आत गेल्यावर: लिफ्टने वर, मग चालत खाली

दहाला उघडतं, तेव्हाच पोचा. दुकानाची इमारत, म्हणजे व्हिट्राहाउस, लांबून पाहिली तर मुलं हसतात. लहान मुलाने काढलेल्या उतरत्या छपराच्या घराचं चित्र घ्यायचं, ते लांब ओढायचं, आणि अशी बारा घरं एकमेकांवर आडवीतिडवी रचायची. बाझलच्याच हेर्झोग आणि द म्युराँ या वास्तुकारांनी ती रचली, २०१० मध्ये उघडली. प्रवेश फुकट आहे. घराच्या टोकांना मोठ्या काचा आहेत. एका काचेतून बाझल दिसतं, दुसरीतून टेकडीवरचे द्राक्षमळे.

तळमजल्यावरच्या विक्रीच्या भागात लगेच शिरू नका. लिफ्टने थेट सगळ्यांत वरच्या मजल्यावर जा आणि जिन्याने उतरत या. मांडणीच तशी केलेली आहे. प्रत्येक मजल्यावर सजवलेल्या खोल्या लागतात, आणि किमती मनात भरायच्या आत डोळे आणि शरीर तयार होतात. मोठ्यांनी दोन मजल्यांच्या मध्ये बसून घ्यावं. बसायला तर शेकडो जागा आहेत.

इथे बसायला परवानगी आहे, किंबहुना बसण्यासाठीच सगळं मांडलंय. आपली माणसं बिचकतात. 'मळेल', 'कुणी ओरडेल' म्हणून काठावर उभी राहतात. त्यांना हाताला धरून बसवा. बूट घालून गादीवर किंवा कोचावर पाय घेऊ नका, पाठीवरची पिशवी काढून हातात घ्या म्हणजे वळताना काचेची वस्तू पडणार नाही, एवढं पाळलं की कुणी काही बोलत नाही.

खुर्ची पारखायची पद्धत अशी. मागे टेकेपर्यंत सरका. दोन्ही टाचा जमिनीवर टेकल्या का? गुडघ्यामागे आणि बैठकीच्या कडेमध्ये दोन-तीन बोटं शिरतात का? हात टेकवले तर खांदे वर चढतात का? पाच मिनिटं बसा, गप्पा मारा, घड्याळ बघू नका. मग हातांचा आधार न घेता उठून बघा. उठणं ही खरी परीक्षा. बसल्यावर सगळ्याच खुर्च्या चांगल्या वाटतात.

वडगावची माझी आत्या अशीच एका नावाजलेल्या, कित्येक हजार युरोंच्या कातडी आरामखुर्चीत बसली. चपला काढल्या, पदर खोचला, हळूच मागे टेकली. चेहऱ्यावर इतकं सुख, की आम्हाला वाटलं आता ही उठायची नाही. आणि खरंच उठवेना. खुर्ची खोल, मागे कललेली. दोन्ही हातांनी कडा धरून, पुढे सरकत सरकत, माझ्या दंडाला धरून ती उठली आणि म्हणाली, "दुपारच्या झोपेला चांगली आहे गं, पण हिच्यात बसून भाजी निवडता यायची नाही." त्यानंतर ती एका साध्या लाकडी बैठकीच्या खुर्चीपाशी गेली. बसली, तर पाय चार बोटं वर. "पाय लोंबकळायलेत बघ," म्हणाली. तिने बैठकीच्या पुढच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड खाली गोलसर वळवलेली होती, कुठेही धार नाही. "कड चांगली काढलीय. उंची आपली नाही." एवढ्या एका वाक्यात तिने त्या खुर्चीचा निकाल दिला. तांब्याचे प्रश्न म्हणजे हेच.

उद्यमबागेतल्या किंवा मच्छेच्या फौंड्रीत नोकरी केलेलं कुणी घरात असेल तर त्यांना ईम्स दांपत्याच्या १९५८ च्या ॲल्युमिनियम खुर्चीपाशी सोडा आणि घाई करू नका. या खुर्चीला बैठकीचा साचा किंवा फळीच नाही. दोन बाजूंना ॲल्युमिनियमच्या ओतीव पट्ट्या, आणि त्यांच्यात ताणून बसवलेलं कापड किंवा कातडं. कास्टिंगमध्ये आयुष्य घालवलेले काका गुडघ्यावर बसून खालच्या बाजूने बघतात. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात ती रेघ कुठे लपवली, भिंतीची जाडी कुठे कमी केली, पॉलिश कुठपर्यंत नेलं, हे ते नातवाला बोट लावून दाखवू शकतात. बेळगावची फौंड्री काय चीज आहे हे त्या पोराला बेळगावात कुणी दाखवलेलं नसतं. हा अर्धा तास चुकवू नका.

मुलांना व्हर्नर पँटन या डॅनिश डिझायनरची एकाच तुकड्यातली, मागचे पाय नसलेली प्लास्टिकची खुर्ची दाखवा. ही १९६७ पासून बनतेय, आणि मुलांच्या मापाचीही मिळते. मागचे पाय नसून ती पडत का नाही, ते त्यांनाच शोधू द्या. ईम्सचा हत्तीही त्यांना आवडतो. त्याचा आराखडा १९४५ चा, तेव्हा प्लायवूडचा. आताचा प्लास्टिकचा हत्ती मुलं बसायला वापरतात.

आवडलेल्या वस्तूच्या किंमतपट्टीचा फोटो काढा आणि त्याच फोनवर घराच्या भिंतीचा फोटो शेजारी उघडून बघा. खोलीत मांडलेलं सगळंच छान दिसतं, कारण तिथला उजेड आणि मोकळी जागा तशी आहे. आपल्या हॉलमध्ये देवघर, टीव्ही, पाहुण्यांसाठी दिवाण आणि पावसाळ्यात वाळत घातलेले कपडे असतात. त्या सगळ्यात ही वस्तू कशी दिसेल, ते मोठ्याने बोलून ठरवा. सासूबाईंचं मत शेवटी नको, आधी विचारा.

जेवणानंतर बाहेरची चक्कर

१९८१ मध्ये आगीत इथल्या कारखान्याचा मोठा भाग जळाला. नवं बांधताना कंपनीने जगभरच्या वास्तुकारांना एकेक इमारत दिली. १९८९ चं पांढरं, वळणावळणाचं डिझाइन म्युझियम फ्रँक गेरीचं, त्याची युरोपातली पहिली इमारत. १९९३ चं टोकदार भिंतींचं अग्निशमन केंद्र झाहा हदीदचं. म्युझियमला वेगळं तिकीट आहे, आणि कारखान्याकडचा भाग मार्गदर्शकाबरोबरच बघता येतो. लहान मुलं किंवा थकलेली माणसं बरोबर असतील तर ती सहल सोडून द्या. त्याऐवजी पीट औडोल्फ या डच बागरचनाकाराने २०२० मध्ये लावलेली बाग बघा. उन्हाळ्याच्या अखेरीस ती भरात असते. मुलांसाठी तीस मीटर उंचीच्या मनोऱ्यावर गोल फिरत खाली येणारी घसरगुंडी आहे. तिच्या पायथ्याच्या फलकावरचे नियम वाचून मगच मुलांना वर पाठवा.

आता मराठी माणसाने चुकवू नये अशी जागा. बाळकृष्ण दोशी, १९२७ मध्ये पुण्यात जन्मलेले, वास्तुकलेतलं सगळ्यांत मानाचं समजलं जाणारं प्रिट्झकर पारितोषिक २०१८ मध्ये मिळालेले पहिले भारतीय वास्तुकार. त्यांनी आखलेली एक वास्तू या आवारात आहे. भारताबाहेरची त्यांची ही एकमेव वास्तू. ते २०२३ च्या जानेवारीत गेले. नात खुशनू पंथकी हूफ आणि तिचा नवरा सोन्के हूफ यांच्याबरोबर आखलेलं हे काम २०२५ मध्ये पुरं होऊन खुलं झालं. पोलादी वळणदार भिंतींमधून वाट जमिनीत उतरत जाते आणि शेवटी गोल, शांत खोलीत पोचते. आजी-आजोबांना इथे हळू चालू द्या आणि मुलांना आवाज कमी करायला सांगा. इमारतींची यादी विसरली तरी चालेल, पण पुण्यातल्या एका सुतारकाम करणाऱ्या घरातला मुलगा इथवर पोचला, हे नातवंडांना त्या खोलीत उभं राहूनच सांगा.

काय घ्यायचं, काय नाही

मोठं फर्निचर इथून आणायचा विचार करू नका. भारतातही त्यांचे अधिकृत विक्रेते आहेत. खरंच हवं असेल तर मापं पक्की करून इकडे मागवा. काचेची फुलदाणी, भारी कुंडी यांचाही मोह आवरा.

सूटकेसमधून सुखरूप येणाऱ्या गोष्टींत माझी पहिली पसंती इसामु नोगुची या शिल्पकाराच्या कागदी दिव्यांना. १९५१ पासून जपानात गिफूच्या कारागिरांकडून हे हाताने बनतात. उघडल्यावर भोपळ्याएवढा दिसणारा दिवा घडी करून चपट्या खोक्यात मावतो, वजन जवळजवळ नाही. विक्रेतीला घडी घालून दाखवायला सांगा. कुठली काडी आधी काढायची हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की घरी फाटत नाही.

इथे तो होल्डरचा फोटो कामी येतो. तिकडचा दिवा आट्यांच्या बल्बचा असतो, आपल्याकडे बऱ्याच घरांत दोन पिनांचा, फिरवून अडकवायचा होल्डर. व्होल्टेज दोन्हीकडे २३० च, त्यामुळे काळजी नाही. आट्यांचा एलईडी बल्ब बेळगावात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. प्लग मात्र जर्मन पद्धतीचा गोल पिनांचा. तो आपल्या बोर्डात सैल बसतो आणि सैल प्लग तापतो. घरी आल्यावर आपल्या ओळखीच्या वायरमनकडून प्लग बदलून घ्या, कागदी दिव्याच्या बाबतीत यात हयगय नको. बल्ब एलईडीच लावा, कागदाला उष्णता सोसत नाही.

ईम्सची १९५३ ची रंगीत लाकडी गोळ्यांची खुंटी मुलांच्या खोलीत फार छान दिसते, पण तिला भिंत घट्ट लागते. दगड-मातीच्या जुन्या भिंतीत स्क्रू धरत नाही. तिथे आधी लाकडी पट्टी ठोकून मग तिच्यावर खुंटी. भिंतीवरची घड्याळं बॅटरीवर चालतात, म्हणून सोपी. पण काटे वाकणार नाहीत असं खोकं मागून घ्या.

सगळ्यांसाठी एकेक वस्तू घेण्यापेक्षा घरासाठी मिळून एकच घ्या, रोज हाताळली जाईल अशी. निवड जेवणाच्या वेळी करा आणि मग परत जाऊन खरेदी करा.

करपरताव्याचा कागद

किंमतीत जर्मनीचा १९ टक्के कर असतो. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना तो परत मिळू शकतो, मात्र एका दुकानातली खरेदी ५० युरोंच्या वर हवी. यात भारतातले आई-वडील आले, तसाच बाझलमध्ये राहणारा मुलगाही आला. ज्याच्या नावाने परताव्याचा फॉर्म करायचा त्याचाच पासपोर्ट दाखवायचा. एकाच्या नावाने बिल आणि दुसऱ्याच्या नावाने फॉर्म असं करू नका. पैसे देतानाच फॉर्म मागा.

मग महत्त्वाचं. बाझलला परतताना तुम्ही युरोपीय संघाची हद्द सोडता, त्यामुळे जर्मन कस्टमचा शिक्का सीमेवरच घ्यायचा. झुरिकच्या विमानतळावर हा शिक्का मिळत नाही, कारण ते स्वित्झर्लंड. वस्तू, फॉर्म आणि पासपोर्ट तिन्ही दाखवावं लागतं, म्हणून खोकं फोडू नका. सगळ्यांना थांबवून ठेवण्यापेक्षा ज्याच्या नावाने फॉर्म आहे त्याने सीमेवर उतरून काम करावं, बाकीच्यांनी पुढे जावं.

स्विस बाजूला प्रत्येक माणशी १५० फ्रँकपर्यंतचं सामान करमुक्त. १ जानेवारी २०२५ च्या आधी ही मर्यादा ३०० होती. त्यावरचं असेल तर स्वतःहून जाहीर करा. एक महागडी वस्तू दोघांच्या मर्यादेत वाटता येत नाही.

भारतात उतरताना बिल हाताशी ठेवा. करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त किमतीचं सामान असेल तर लाल मार्गिकेतून जा आणि सांगा.

घरी आल्यावर

खोकं लगेच उघडा. दिवा किंवा खुंटी जिथे लावायची ती जागा दोन-चार दिवस विचार करून ठरवा, घाईने भोक पाडू नका. खुर्चीबद्दल जे शिकलात ते आपल्या सुताराला सांगा: बैठक इतक्या सेंटिमीटरवर, पुढची कड खाली गोल वळवलेली, पाठीला एवढा कल. नक्कल मागू नका, मापं सांगा. आपल्याकडे चांगल्या सागाचे सुतार आहेत आणि आईच्या उंचीची खुर्ची त्यांच्याइतकी नीट दुसरं कुणी करणार नाही.

कागदी दिवा बेळगावच्या पावसाळ्यात सांभाळावा लागतो, खानापूर-जांबोटीकडे तर जास्तच. बाहेरच्या भिंतीला लागून किंवा खिडकीजवळ टांगू नका. ओल आली की कागदावर डाग पडतात.  धूळ ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ कोरड्या ब्रशने झटका. श्रावणात भिंती फारच पाझरायला लागल्या तर विक्रेतीने दाखवलेली घडी घाला, खोक्यात ठेवा, आणि खोकं लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात.